एका घरात दोन उषा

आमच्या वहिनीने कोपरीत नऊ वर्षं राहून मुलुंड पाहिलं नव्हतं. ठाण्याच्या लोकांना यातली गंमत लगेच कळेल, बाकीच्यांसाठी सांगते. कोपरीतून जरा झपझप चालत निघालं की जकात नाका लागतो आणि नाक्याच्या पलीकडे मुलुंड. आमच्या चाळीतल्या बायका भाजी स्वस्त मिळते म्हणून तिकडे पायी जायच्या. वहिनी नाक्यापर्यंत सोबत यायची, तिथल्या पानवाल्याच्या टपरीशेजारी थांबायची आणि पिशवी माझ्या हातात द्यायची. "वन्सं, भेंडी कोवळी बघून घ्या," म्हणायची. मी परत येईपर्यंत ती तिथेच उभी असायची. तिच्या व्हिसावर ठाणे शहर एवढंच लिहिलेलं होतं आणि नाक्यापलीकडे मुंबई सुरू होत होती. पुढे सगळे कागद झाल्यावर पहिल्याच रविवारी दादाने तिला मुलुंडला नेलं. तिने बाजारातून एक फेरी मारली, पाव किलो भेंडी घेतली आणि म्हणाली, "हेच होय?"

वहिनी कराचीची. कराचीत मराठी माणसं राहतात असं आजही सांगितलं तर लोक भुवया वर करतात. तिचे आजोबा कोकणातून बंदरावरच्या कामासाठी तिकडे गेले आणि तिथलेच झाले. मग फाळणी झाली. घर जिथे होतं तिथेच राहिलं आणि माणसं परदेशी ठरली. तिची आई आमच्या आईची लांबची मावसबहीण. त्र्याऐंशी साली कुणाच्या तरी लग्नाचं निमित्त करून त्या दोघी ठाण्याला आल्या, दादाचं आणि तिचं जमलं, महिन्याभरात लग्न लागलं आणि तिची आई लेकीला आमच्या दारात सोडून एकटी परत गेली. जाताना ती माऊली आमच्या आईला एवढंच म्हणाली, "पोर अबोल आहे, पण कामाला वाघ आहे."

चाळीला आधी वाटलं, आता ही काय खाते नि कुठली भाषा बोलते कोण जाणे. वहिनी बोलायला लागली आणि सगळ्यांची पंचाईत झाली, कारण ती आमच्यापेक्षा जुनं मराठी बोलायची. आमच्या बाथरूमला ती न्हाणी म्हणायची, कपाटाला फडताळ. मी तिच्याहून वर्षाने लहान, तरी मला 'वन्सं' आणि 'तुम्ही'. असं नणंदेला म्हणणारी बाई मी तोवर आजीच्या गोष्टीतच ऐकली होती. मध्येच अर्जाला 'दरख्वास्त' म्हणायची, तेवढीच काय ती कराची. खाडीवरून मासे घेऊन येणारी मासेवाली तर तिच्यापुढे टोपली उतरवून बघतच बसली. "गो बाय, तू पाकिस्तानची म्हनतान, मंग बोंबील कशी आमचेवानी साफ करतंस?" वहिनीने बोंबलाचं डोकं उडवलं आणि म्हणाली, "समुद्र एकच आहे, मावशी." त्या दिवसापासून मासेवाली तिला दोन बोंबील जास्त घालायला लागली.

आता नावाचं सांगते, कारण पुढचं सगळं रामायण तिथून घडलं. वहिनीचं माहेरचं नाव उषा. माझंही नाव उषा. आईचं म्हणणं, एका घरात दोन उषा कशा चालतील, हाक मारली की दोघी ओ देतील. खरं तर मी आज ना उद्या लग्न होऊन जाणार होते, चार-पाच वर्षांचा प्रश्न होता. पण आमच्याकडे लेकीचं नाव कोण बदलतं? बदलायचं ते सुनेचं. रीतच आहे ती. ताटात तांदूळ पसरले, दादाने अंगठीने त्यात 'शुभदा' लिहिलं आणि पेढे वाटले. शुभदा हे नाव मी सुचवलं होतं. मला ते फार आवडायचं, स्वतःला मिळालं असतं तरी चाललं असतं. वहिनीने ताटात वाकून बघितलं, मान हलवली आणि त्या दिवसापासून कोपरीत उषा म्हणून एकच बाई उरली, ती म्हणजे मी.

कागदांना मात्र हे कुणी कळवलं नाही. पासपोर्टावर उषा, रेशनकार्डावर शुभदा. व्हिसाची मुदत वाढवायच्या अर्जावर उषा, आणि त्याला जोडायच्या चाळमालकाच्या दाखल्यावर शुभदा. दादाने वकिलाकडून प्रतिज्ञापत्र करून आणलं की या दोन बायका एकच आहेत. पुढच्या वर्षी कचेरीने ते जुनं झालं म्हणून नवं मागितलं. वहिनीची एक पत्र्याची पेटी होती, तिच्या माहेरची. तीत डावीकडे उषाचे कागद आणि उजवीकडे शुभदाचे. कुठला कागद कधी मागतील ते तिला पाठ होतं. प्रत्येकाच्या तीन-तीन प्रती, घडी न घातलेल्या. दरवर्षी तिचे आठ फोटो लागायचे. उरलेले ती फेकत नसे, पाकिटावर साल लिहून ठेवून द्यायची. मी एकदा ते सगळे ओळीने मांडून बघितले होते. दरवर्षी तोच चेहरा थोडा थोडा निवत गेलेला दिसत होता.

कचेरी कुठली ते मी सांगत नाही. तिथली माणसं वाईट होती असंही नाही. एकाने चहासुद्धा पाजला होता. तिथे एक लांब बाकडं होतं आणि वहिनीची त्यावर ठरलेली जागा होती, भिंतीकडची. सकाळी दहाला बसायची ती बोलावलं की उठायची. कधी बारा, कधी चार, कधी उद्या या. दादा अर्ध्या तासात येरझाऱ्या घालायला लागे, घाम पुसे, घड्याळ बघे. वहिनी पिशवीतून कापूस काढून वाती वळत बसायची. फुलवाती, लांब वाती, जे सुचेल ते. चाळीतल्या सगळ्या देवांना वर्षभर पुरतील एवढ्या वाती तिने त्या बाकड्यावर वळल्या असतील. आई म्हणायची, "आमच्या घरचा दिवा सरकारी वातीवर जळतो."

मला राग यायचा. दरवेळी तेच प्रश्न, तेच रकाने. वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, भारतात येण्याचं कारण. एकदा मी म्हटलं, "गेल्या वर्षी सांगितलं ना सगळं? त्यांना लक्षात ठेवता येत नाही?" वहिनी म्हणाली, "त्यांना आपण दरवेळी पहिल्यांदाच भेटतो, वन्सं." हे ती कुरकुरीने म्हणत नसे. पाऊस पडतो म्हणून छत्री घ्या, असं सांगावं त्या सुरात सांगे.

तिला एकच गोष्ट हवी होती, आईला भेटून यायचं होतं. तिची आई कराचीत एकटीच होती आणि तिला दिसायचं कमी झालं होतं. महिन्याला एक पत्र यायचं, शेजारच्या मुलीकडून लिहून घेतलेलं. जायला वहिनीला कुणी अडवत नव्हतं. जाऊन परत येता येईल की नाही, हे मात्र कुणी सांगत नव्हतं. त्यासाठी आधीच परत येण्याची परवानगी पासपोर्टावर मारून घ्यावी लागे. ती न घेता गेली, तर नवरा इकडे आणि ती तिकडे, आणि पुन्हा पहिल्यापासून व्हिसाची रांग. शिवाय नागरिकत्वाच्या अर्जासाठी इथे सलग राहिल्याची वर्षं मोजत होते, तीही गेली असती. म्हणून तीन वर्षं थांबून, शहाऐंशी साली, तिने परवानगीचा अर्ज टाकला. दोन महिन्यांत होईल म्हणाले. तिने आईसाठी दोन सुती नऊवारी घेतल्या आणि पेटीवर ठेवल्या.

त्याच सुमाराला मला मुंबईत एका सरकारी ऑफिसात टायपिस्टची नोकरी लागली. आमच्या घरी ती लॉटरीच होती. वागळे इस्टेटमधली दादाची कंपनी बंद पडली होती, गेटला टाळं होतं आणि वडील तर केव्हाच गेले होते. माझ्या पगारावर घर चालायला लागलं. नोकरी कायम व्हायची होती. त्याआधी पोलीस घरी येऊन चौकशी करतात, असं ऑफिसातल्या बायकांनी मला सांगून ठेवलं होतं. चहा पाजा, नीट बोला, एवढाच सल्ला. मी रोज वाट बघत होते.

एका रविवारी हवालदार आला. आई आणि वहिनी देवळात गेल्या होत्या, दादा कंपनीच्या गेटावर. हवालदार दारातच उभा राहून म्हणाला, "उषाबाई इथंच राहतात का?"

"हो, मीच."

"कधीपासून राहता इथं?"

"पहिल्यापासून."

त्याने लिहून घेतलं. "सध्या काय करता?"

मी अभिमानाने सांगितलं की सरकारी ऑफिसात टायपिस्ट आहे, ऑफिसचं नावसुद्धा सांगितलं. त्याने ते दोनदा विचारून घेतलं. मला वाटलं, प्रभाव पडला. चहा झाला, बशीतली दोन बिस्किटं त्याने खाल्ली, कागद माझ्यापुढे धरला आणि मी जोरकस सही केली. इंग्रजीत, यू आणि आडनाव. आडनाव तर आमच्या दोघींचं एकच. कागद वाचायची मला गरज वाटली नाही. रोज दुसऱ्यांचे शंभर कागद वाचून टाइप करणारी मी.

दीड महिन्याने वहिनीच्या नावाने, म्हणजे उषाच्या नावाने, लखोटा आला. दादाने मोठ्याने वाचून दाखवला. आपण विनापरवाना सरकारी कार्यालयात नोकरी करीत असल्याचे चौकशीत आढळून आले आहे, तरी आपला मुक्काम रद्द का करू नये याचा खुलासा सात दिवसांत करावा. दादा आधी हसला. "हिला नोकरी? ही भाजीला नाक्यापलीकडे जात नाही." मग त्याने पुन्हा वाचलं आणि तो खाली बसला. आई म्हणाली, "मुक्काम रद्द म्हणजे रे काय?" वहिनी ओट्याशी पोळ्या लाटत होती आणि मी त्यांना तूप लावत होते. माझ्या सगळं लक्षात आलं होतं. मी पुढच्या पोळीला तूप लावलं, मग त्याच्या पुढच्या पोळीला लावलं.

त्या रात्री सांगू, असं ठरवलं. मग सकाळी सांगू असं ठरवलं. सांगितलं असतं तर काय झालं असतं, ते मी मनाशी शंभरदा टाइप करून बघितलं होतं. दुसऱ्याच्या चौकशीच्या कागदावर मी सही केली होती. घरात पाकिस्तानची बाई आहे हे मी ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. नोकरी गेली असती आणि घर उघडं पडलं असतं. हे सगळं खरंच होतं. पण मी घाबरले होते, हे त्याहून खरं. पंधरा दिवसांनी माझी खरी चौकशी आली, दुसराच हवालदार. घरात कोण कोण, त्याने विचारलं. आई, भाऊ, वहिनी. वहिनीचं गाव? "मूळ कोकणातली," मी म्हटलं. ते खोटंही नव्हतं. पुढे माझी नोकरी कायम झाली, तेव्हा वहिनीने शिरा केला.

सातव्या दिवशी वहिनी आणि दादा कचेरीत गेले. दादाला बाहेर बसवलं, तिला आत बोलावलं. ती तासाभराने बाहेर आली. घरी आल्यावर मी पाण्याचा तांब्या घेऊन पुढे गेले आणि विचारलं, "काय म्हणाले?"

"मी नोकरी करत नाही असं लिहून दिलं. ते म्हणाले, चौकशी होईल."

"आणखी काही?"

ती पाणी प्यायली. "नाही वन्सं. चौकशी होईल म्हणाले."

चौकशी सुरू झाली म्हणजे फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली. तोवर परवानगीचा अर्ज बाजूला. वहिनी दर पंधरवड्याला बाकड्यावर जाऊन बसायची, वाती वळायची आणि परत यायची. तिसऱ्या महिन्यात कराचीहून तार आली की आई आजारी आहे, निघून ये. दादा तार घेऊन कचेरीत गेला, हातापाया पडला. ते म्हणाले, चौकशी पूर्ण होईपर्यंत आमचे हात बांधलेले आहेत. बाई जाऊ शकतात. परत यायचं आम्ही लिहून देऊ शकत नाही. दादाने घरी येऊन तिला विचारलं, "तू काय करतेस?" वहिनी म्हणाली, "तुम्ही सांगा." दादाने काही सांगितलं नाही. ती गेली नाही.

त्या दिवसांत मला काय वाटत होतं, असं विचारलं तर सांगता येत नाही. काही वाटत नव्हतं. मी सकाळी डबा घेऊन निघायचे, संध्याकाळी यायचे, चहा घ्यायचे. वहिनी चहात आलं घालायची, कारण मला आवडायचं. बधिर झालेल्या दाढेवर जीभ फिरवावी तशी मी त्या गोष्टीभोवती फिरत राहायचे. दुखत नव्हतं, पण लक्ष सगळं तिथेच होतं.

दुसरी तार दोन महिन्यांनी आली, तीही तीन दिवस उशिरा. दुपारची वेळ होती, सुट्टी असल्याने मी घरात होते. वहिनीने तार वाचली, घडी न घालता पेटीत ठेवली, डाव्या बाजूला, उषाच्या कागदांत. मग आईला म्हणाली, "आमची आई गेली." न्हाणीत जाऊन डोक्यावरून पाणी घेऊन आली आणि ओले केस पाठीवर सोडून तांदूळ निवडायला बसली. आमची आई तिच्याजवळ बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "रड गं बाई. मोकळी हो."

"येईल तेव्हा रडेन आई," वहिनी म्हणाली. ते कधी आलं असेल तर माझ्यासमोर आलं नाही. त्या आठवड्यात कचेरीची तारीख होती. ती तारखेला गेली.

त्यानंतर काही दिवसांनी कचेरीतले साहेब बदलले. नव्या साहेबांनी फाइल उघडली, हवालदाराच्या कागदावरची सही आणि वहिनीच्या अर्जावरची सही शेजारी शेजारी ठेवली, या एका बाईच्या नाहीत म्हणाले आणि नोटीस रद्द केली. दहा मिनिटांचं काम. ती सही मग कुणाची, हे विचारायला त्यांना वेळ नव्हता. महिन्याभराने परवानगीही आली. आपणांस कराची येथे जाऊन परत येण्यास हरकत नाही. वहिनीने तिच्या तीन प्रती काढून आणल्या. त्या दोन नऊवारी साड्यांतली एक तिने मासेवालीला दिली आणि दुसरी आमच्या आईला.

अठ्ठ्याऐंशी साली माझं लग्न झालं. मुलगा डोंबिवलीचा, लग्नही डोंबिवलीत. कोपरीच्या वहिनीला डोंबिवलीला यायला पोलिसांची परवानगी काढावी लागली. एक दिवसाची, सूर्यास्ताला परत. तिने माझी ओटी भरली, पंगतीत वाढलं आणि पानसुपारी व्हायच्या आत दादाबरोबर निघाली. माझ्या सासूबाईंनी नवं नाव काढून ठेवलं होतं, तांदळाचं ताटही तयार होतं. मी नको म्हटलं. माझं नाव राहू द्या, एवढंच म्हणत राहिले. सासरी आजतागायत मी फार सुधारलेली समजली जाते.

ब्याण्णव साली वहिनीला नागरिकत्व मिळालं. एका साहेबांपुढे उभं राहून तिने शपथ वाचली, जुना पासपोर्ट जमा केला आणि एक दाखला घेऊन बाहेर आली. दाखल्यावर नाव उषा. आईने चष्मा लावून तो वाचून घेतला आणि काळजीने विचारलं, "मग आता हिला हाक काय मारायची?" वहिनी म्हणाली, "शुभदाच म्हणा. सवय झालीय." दादाने एकदा कराचीचा विषय काढून पाहिला. भारतीय म्हणून रीतसर व्हिसा मागू, तुझं घर तरी बघून येऊ. तिकडचा फॉर्मही आणला. त्यात तिकडे कुणाकडे उतरणार, त्या माणसाचं नाव, पत्ता आणि नातं लिहायचं होतं. वहिनीने फॉर्म वाचून त्याला परत दिला.

आई शहाण्णवात गेली. महिना झाल्यावर वहिनी आईची एक साडी मला द्यायला डोंबिवलीला आली. आता तिला कुणाची परवानगी लागत नव्हती. मी मेथी निवडत बसले होते, तीही बसली. दहा वर्षं मी ज्या वाक्याची जुळवाजुळव करत होते, ते शेवटी कसंबसं बाहेर पडलं.

"वहिनी, तेव्हा हवालदाराला मी भेटले होते. सही माझी होती."

ती मेथीची पानं खुडत राहिली. "माहीत आहे. त्यांनी पहिल्याच दिवशी कागद दाखवला. तुमची सही मला ओळखू येणार नाही होय? दर महिन्याला तुमच्या पगाराच्या पावतीवर बघत होते."

"त्यांनी विचारलं नाही, कुणाची म्हणून?"

"विचारलं. माहीत नाही म्हटलं."

मी म्हटलं, "का गं? एक वाक्य सांगितलं असतंस तर त्याच दिवशी सुटली असतीस. आईला भेटली असतीस."

वहिनीने थोडा विचार केला. रकाना भरण्याआधी ती करायची, तसा.

"नणंदेचं नाव पोलिसांना देऊन मी घरी कुठल्या तोंडाने आले असते, वन्सं? तुमची नोकरी गेली असती, घराची चूल तुमच्यावर होती. सासूबाईंनी मला पुन्हा सून म्हटलं असतं? सरकारने राहू दिलं असतं, पण राहायचं तर मला याच घरात होतं." मग ती म्हणाली, "तुम्ही सांगाल असं वाटलं होतं. तुम्ही सांगितलं असतं तर चाललं असतं, लेकीला कोण घराबाहेर काढतं? मी वाट बघितली. रोज चहा देताना बघायची. पहिली तार येईपर्यंत बघितली."

"आणि मग?"

"मग नाही बघितली."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी बोलले असते, रडले असते, पाय धरले असते. तिने निवडलेली मेथी माझ्याकडे सरकवली, काड्या कागदात गुंडाळल्या आणि हात झटकून उठली. "पाचची गाडी मिळेल ना? यांना चहाची वेळ होते." मी मिळेल म्हटलं आणि तिला कोपऱ्यापर्यंत सोडायला गेले. कोपऱ्यावर ती म्हणाली, "जा आता, गॅसवर दूध आहे तुमचं."

त्यानंतरही ती आठ वर्षं होती. सणावाराला भेटायचो, ती आलं घातलेला चहा करायची आणि मी प्यायचे. माफी मागायचं मी दरवेळी पुढच्या वेळेवर टाकलं. ती गेली तेव्हा दाखल्यासाठी पालिकेच्या माणसाने दादाला मयताचं नाव विचारलं. दादाला एकाएकी आठवेना की कुठलं सांगायचं, त्याने माझ्याकडे बघितलं. "उषा," मी म्हटलं. त्या माणसाने विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?" मी नणंद म्हणून सांगितलं, त्याने कागद पुढे केला आणि मी खाली सही केली.